जुन्या हाडांवरून आजार कसा ओळखायचा: या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

ॲडमिशनचा सीझन आला की बडोद्यात ओळखीपाळखीतून काही मुलं-मुली माझ्याकडे येतातच, कुणी आर्किऑलॉजीला प्रवेश घेतलेला असतो, कुणी मायक्रोबायोलॉजी नाहीतर बायोटेक करून या बाजूला वळलेलं असतं, आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच, "ताई, हाडातून डीएनए कधी काढायचा?" प्रश्न चुकीचा नाहीये पण घाईचा आहे. चार हजार वर्षांपूर्वीच्या माणसाला कुठला आजार होता हे शोधताना डीएनए बराच उशिरा येतो, काही वेळा येतच नाही, आणि त्याच्या आधीचं सगळं काम टेबलावर, चांगल्या उजेडात, डोळ्यांनी आणि वहीत होतं. लॅबकडे जाताना तुमच्या हातात संशयित आजारांची यादी पाहिजे, मग लॅबच्या टेस्ट त्या यादीतली नावं एकेक करून खोडतात. यादीच नसेल तर मशीन जो आकडा देईल तो खरा मानावा लागतो, आणि जुन्या हाडाच्या बाबतीत तो आकडा पुष्कळदा मातीचा असतो. एवढं पक्कं धरून पुढचं वाचा.

आपल्या गुजरातेत या कामाला भरपूर वाव आहे. मेहसाणा जिल्ह्यात लांघणजला १९४० च्या दशकात ह. धी. सांकळियांनी उत्खनन केलं आणि तिथल्या मध्याश्मयुगीन सांगाड्यांवर इरावतीबाई कर्व्यांनी काम केलं, लोथलला एस. आर. राव यांच्या उत्खननात दफनभूमी मिळाली, नागवाड्याला आपल्या एम. एस. युनिव्हर्सिटीच्या टीमला दफनं मिळाली. पण अडचण पण इथेच आहे, ती म्हणजे ऊन. डीएनएला थंडी आवडते, आणि आपल्याकडे जमीन तापते, पावसाळ्यात भिजते, परत तापते, त्यात तो तुटून जातो. हरियाणातल्या राखीगढी या हडप्पाकालीन साइटचं उदाहरण सगळ्यांना माहीत पाहिजे, २०१९ साली तिथला जो जीनोम, म्हणजे माणसाच्या सगळ्या डीएनएचा नकाशा, प्रसिद्ध झाला त्यासाठी ६१ नमुने तपासले होते आणि कामाचा डीएनए निघाला एकाच बाईच्या सांगाड्यातून. म्हणून गुजरातेत काम करणाऱ्याने फक्त डीएनएच्या भरवशावर बसू नये, बाकीच्या पद्धती नीट यायला हव्यात.

सगळ्यात आधी निरोगी हाड ओळखा

हे ऐकायला कंटाळवाणं वाटतं पण याला पर्याय नाही. निरोगी नडगीवर नैसर्गिक रेघा असतात, मणक्याच्या मागच्या बाजूला रक्तवाहिनीची भोकं असतात, लहान मुलांच्या वाढत्या हाडाचा पृष्ठभाग मुळातच जरा खरबरीत असतो, आणि नवशिक्या माणसाला यातलं प्रत्येक आजार वाटतं. मेडिकल कॉलेजच्या ॲनाटॉमी विभागात कुणी ओळखीचं असेल तर रीतसर परवानगी काढून तिथल्या हाडांबरोबर काही आठवडे घालवा. डावं-उजवं, वरचा मणका-खालचा मणका, पाचवी बरगडी का सातवी, हे न बघता हाताने सांगता आलं पाहिजे. जनावरांची हाडं पण बघा, उत्खननातल्या पिशवीत माणसाबरोबर बकरीची बरगडी आलेली असते हे नेहमीचं आहे.

सयाजीबागेतल्या म्युझियममध्ये इजिप्तची ममी आहे, बडोदेकर लहानपणापासून ती बघत आलेत. ममीत कातडी आणि आतले अवयव काही प्रमाणात टिकतात, त्यामुळे तिथे तपासायला जास्त गोष्टी मिळतात, मार्क आर्मांड रुफर यांनी १९१० साली इजिप्शियन ममींच्या मूत्रपिंडात शिस्टोसोमा जंतांची अंडी दाखवली होती. आपल्याला इथल्या मातीतून नुसती हाडं मिळतात, आणि बहुतेक आजार हाडापर्यंत पोचतच नाहीत. कॉलरा, देवी असं जे जे झटपट नेतं ते बहुधा हाडावर नाव लिहून जात नाही. क्षयरोग सुद्धा उपचार नसलेल्या काळात साधारण ३ ते ५ टक्के रोग्यांच्याच हाडात उतरायचा असं मानतात. म्हणजे सांगाडा "स्वच्छ" दिसला म्हणून माणूस ठणठणीत होता असं लिहायचं नाही.

टेबलावर

स्वच्छ टेबल, त्यावर फोम किंवा वाळूच्या छोट्या पिशव्या, मऊ ब्रश, बांबूच्या काड्या, कॅलिपर, स्केल, भिंग, कॅमेरा. धातूचं टोकदार काही हाडाला लावायचं नाही. ज्या दातातून किंवा हाडातून पुढे डीएनए काढायची जरासुद्धा शक्यता आहे ते पाण्याने धुवायचं नाही, त्याला डिंक-फेव्हिकॉल काही लावायचं नाही, नुसत्या हातानं धरायचं नाही, ग्लोव्ह्ज आणि मास्क घालून वेगळ्या स्वच्छ पिशवीत ठेवायचं, आणि हे सगळं खरं तर साइटवर हाड मातीतून निघतानाच व्हायला पाहिजे. मास्क तसाही घालाच, हाडाची आणि मातीची धूळ छातीत जाणं चांगलं नाही.

मग यादी: कुठलं हाड आहे, किती आहे, कुठला भाग गायब आहे. नवीन मुलं हा भाग उरकतात. पण समजा "पायाच्या बोटांवर कुष्ठरोगाच्या खुणा नाहीत" असं लिहिलं आणि मुळात पायाची बोटं मिळालीच नव्हती, तर ते वाक्य दिशाभूल करतं. नसलेलं हाड आणि निरोगी हाड या दोन वेगळ्या नोंदी आहेत, वहीत दोन वेगळे कॉलम करा.

वय आणि लिंग पण याच टप्प्यावर ठरवायचं, प्रौढांचं लिंग मुख्यतः ओटीपोटाच्या हाडावरून आणि मग कवटीवरून, वय दात, ओटीपोटाचे सांधे, हाडांची टोकं जोडली गेलीत का यावरून. हे का महत्त्वाचं, तर पंचविशीच्या बाईच्या मणक्यातली झीज आणि साठीच्या पुरुषाच्या मणक्यातली झीज याचा अर्थ एक नसतो.

खूण आजाराची का मातीची

झाडाची मुळं हाडावर नागमोडी चर पाडतात. उंदीर कुरतडतात तेव्हा शेजारी शेजारी समांतर खाचा पडतात. वाळवी भोकं पाडते. मातीच्या वजनानं कवटी चेपते आणि वाकडी दिसते. खोदताना खुरपं लागलं तर नवीन ओरखडा पडतो. हे सगळं मेल्यानंतरचं आहे.

ओळखायचं कसं? मोबाइलचा टॉर्च वरून धरू नका, हाडाच्या अगदी बाजूने, जवळजवळ आडवा धरा, आणि हाड हळूहळू फिरवा. भोकाच्या काठावर लक्ष ठेवा. माणूस जिवंत असताना झालेलं भोक असेल तर काठ गोलसर, गुळगुळीत झालेला असतो, आजूबाजूला हाडानं काहीतरी प्रतिसाद दिलेला असतो, कधी नवीन हाडाचा थर, कधी बारीक छिद्रं. मेल्यानंतरचं असेल तर काठ धारदार, आणि तुटलेल्या जागेचा रंग बाकीच्या हाडापेक्षा फिका. आतला रंग आणि बाहेरचा रंग सारखाच मातकट असेल तर तोडफोड जुनी आहे, पण म्हणून ती आजाराची होत नाही, फक्त खोदकामातली नाही एवढंच कळतं.

वर्णन आधी, नाव नंतर

वहीत "टीबी?" असं लिहून सुरुवात केली की डोळे मग टीबीच शोधतात. त्याऐवजी तीन गोष्टी लिहा. हाड वाढलंय, का झिजलंय-खाल्लं गेलंय, का दोन्ही. ते कच्चं आहे का पक्कं. आणि सांगाड्यात अजून कुठे कुठे तसंच आहे.

कच्चं-पक्कं म्हणजे काय ते नीट समजून घ्या. हाडाच्या वरच्या आवरणाला सूज किंवा इन्फेक्शन झालं की शरीर घाईघाईत नवीन हाड घालतं, ते राखाडीसर, सच्छिद्र, विस्कळीत असतं आणि मूळ हाडावर वेगळा थर बसल्यासारखं दिसतं, याला विव्हन बोन म्हणतात. ते दिसलं म्हणजे मरताना आजार चालू होता. पुढे बरं व्हायला लागलं की तेच हाड नीट बांधलं जातं, गुळगुळीत होतं, मूळ हाडात मिसळतं, हे लॅमेलर बोन, म्हणजे आजार जुना, भरून आलेला. एकाच नडगीवर दोन्ही असतील तर आजार येत-जात राहिला असणार.

इथे एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. १९९२ साली जेम्स वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक पेपर लिहिला, त्याला ऑस्टिओलॉजिकल पॅरॅडॉक्स म्हणतात. ज्याच्या हाडावर खुणा आहेत तो आजारात काही महिने-वर्षं तरी तगला, म्हणून खुणा उमटल्या. जो पहिल्याच झटक्यात गेला त्याचं हाड कोरं राहतं. त्यामुळे एका दफनभूमीत खुणा जास्त, दुसरीत कमी, म्हणून पहिलं गाव जास्त आजारी होतं असा सरळ हिशोब मांडता येत नाही, उलटं पण असू शकतं.

आता यादी करा

समजा पाठीचे दोन-तीन मणके पुढच्या बाजूने खाल्ले गेलेत आणि कणा पुढे वाकलाय. पहिलं नाव क्षयरोग, कारण क्षयरोगात मणक्याचा पुढचा भाग जातो, मागची कमान बहुतेक शाबूत राहते, आणि मणके कोसळून पोक येतं. पण यादीत ब्रुसेलोसिस पण पाहिजे, तो गाई-म्हशी-बकऱ्यांकडून, कच्च्या दुधातून येतो, आणि आपल्या भागातले हडप्पाकालीन लोक गुरं पाळणारेच होते. ब्रुसेलोसिसमध्ये बहुधा कमरेच्या मणक्याचा पुढचा-वरचा कोपरा खाल्ला जातो, शेजारी नवीन हाड येतं, आणि मणका पूर्ण कोसळत नाही. मग पू होणारं साधं इन्फेक्शन, बुरशीचं इन्फेक्शन, पडून झालेलं फ्रॅक्चर, दुसरीकडून पसरलेला कॅन्सर. सगळी नावं लिहा, प्रत्येकासमोर कुठली खूण जुळते आणि कुठली जुळत नाही ते लिहा. बरगड्यांची आतली बाजू बघायला विसरू नका, फुप्फुसाच्या बाजूला नवीन हाड असेल तर फुप्फुसाचा जुनाट आजार असू शकतो, क्षयरोगाचं वजन वाढतं पण तेवढ्याने सिद्ध होत नाही.

डोळ्याच्या खोबणीच्या छतावर बारीक छिद्रं दिसली की पूर्वी सगळे "रक्तक्षय, लोहाची कमतरता" असं लिहून मोकळे व्हायचे. आता एवढं सोपं धरत नाहीत, थॅलेसेमियासारखे रक्ताचे आनुवंशिक आजार, मलेरिया, जंत, बी-१२ ची कमतरता, स्कर्वीतला म्हणजे सी जीवनसत्त्वाच्या कमतरतेतला रक्तस्राव, बरीच कारणं यादीत येतात. स्कर्वी वाटत असेल तर कवटीच्या बाजूला स्फेनॉइड हाडाच्या पंखावर छिद्रं आहेत का बघा. मुडदूस असेल तर पायाची हाडं वाकलेली, बरगड्यांची टोकं फुगलेली.

नुसत्या डोळ्यांनी किती लांब जाता येतं याचं उदाहरण म्हणजे उदयपूरजवळच्या बालाथलचा सांगाडा. डेक्कन कॉलेजच्या वी. एन. मिश्रांनी तिथे उत्खनन केलं होतं. मध्यमवयीन पुरुष, इसवीसनपूर्व २००० च्या आसपासचा, दगडी आवारात शेणाच्या राखेत पुरलेला. ग्वेन रॉबिन्स, वीणा मुश्रीफ-त्रिपाठी आणि सहकाऱ्यांनी २००९ साली त्यात कुष्ठरोगाचं निदान प्रसिद्ध केलं, आणि ते मुख्यतः खुणांच्या जागा आणि त्यांचा एकत्र नमुना बघून, नाकाच्या भोकाचा काठ, वरचा जबडा, टाळू, मग बाकी सांगाडा. एकेक खूण वेगळी घेतली तर दुसऱ्या आजारातही सापडते, सगळ्या एकाच माणसात एकत्र आल्या म्हणून निदानाला वजन आलं.

एक्स-रे आणि मायक्रोस्कोप

हाड न तोडता आत बघायची पहिली सोय म्हणजे साधा एक्स-रे, आणि जमेल तर सीटी. मांस नसल्यामुळे जिवंत पेशंटपेक्षा कमी किलोव्होल्टवर काम भागतं, टेक्निशियनला आधी समजावून सांगा नाहीतर फिल्म काळी येते. हाडाच्या पोकळीत माती-वाळू शिरलेली असते, ती एक्स-रेत घट्ट हाडासारखी पांढरी दिसते आणि लोक तिला आजार समजतात, म्हणून एक्स-रे काढायच्या आधी कुठे माती भरलीय ते वहीत नोंदवा. एकाच हाडाचे दोन कोनांतून फोटो घ्या. हॉस्पिटलच्या मशीनवर हे करायचं असेल तर पेशंटची वेळ संपल्यावर, त्यांच्या परवानगीने, हाड डब्यातून न काढता.

मायक्रोस्कोपसाठी मात्र हाड कापावं लागतं. छोटा तुकडा रेझिनमध्ये बसवून साधारण ५० ते १०० मायक्रोमीटर जाडीची चकती घासून करतात आणि पोलराइज्ड उजेडात बघतात. यात कच्चं हाड-पक्कं हाड अगदी स्पष्ट दिसतं, आणि अजून एक कळतं, मातीतल्या जिवाणूंनी हाड आतून किती पोखरलंय. खूप पोखरलेलं असेल तर त्या हाडात प्रोटीन-डीएनए टिकलेला असण्याची आशा कमी, म्हणजे महागड्या टेस्टचे पैसे वाचतात. पण चकती बघून थेट "हा उपदंशच" असं म्हणायच्या भानगडीत पडू नका.

नमुना घेण्याआधी

हाड एकदा फोडलं की परत जोडता येत नाही, आणि हे कुणाचे तरी आजे-पणजे आहेत. ज्या संस्थेच्या ताब्यात सांगाडा आहे तिची लेखी परवानगी घ्या, प्रश्न एका वाक्यात लिहा, आणि त्या प्रश्नाला लागेल तेवढाच नमुना घ्या. कापायच्या आधी सगळ्या बाजूंनी फोटो, मापं, जमलं तर थ्री-डी स्कॅन. आजाराची खूण असलेला एकमेव तुकडा कधीही पूर्ण वापरून टाकायचा नाही. आणि आजूबाजूची माती घ्या, मूठभर का होईना, वेगळ्या पिशवीत. माती न घेता आलेला नमुना मी अर्धाच समजते, का ते खाली कळेल.

कुठल्या प्रश्नाला कुठली लॅब

डीएनए. आजार रक्तातून पसरणारा असेल, प्लेगसारखा, तर दात घ्या, कारण दाताच्या आतल्या पोकळीत रक्तवाहिनी असते आणि वरून इनॅमलचं कवच. लंडनच्या ईस्ट स्मिथफील्ड दफनभूमीतून १३४८-५० च्या प्लेगच्या जिवाणूचा जीनोम २०११ साली मिळाला तो असाच. क्षयरोग असेल तर खूण असलेल्या हाडाजवळून. माणसाचा स्वतःचा डीएनए हवा असेल तर कवटीतलं, आतल्या कानाभोवतीचं पेट्रस हाड सगळ्यात चांगलं, पण जंतू शोधायला ते बहुधा उपयोगाचं नाही, हे दोन्ही एकत्र करू नका. पावडर लागते ५० मिलीग्रॅमच्या आसपास. काम वेगळ्या क्लीन रूममध्ये होतं, जिथे हवा आतून बाहेर ढकलली जाते, पृष्ठभाग ब्लीच आणि यूव्हीने साफ करतात, आणि जिथे लॅबमध्ये वाढवलेल्या आजच्या क्षयरोगाच्या जिवाणूंवर काम करणारा माणूस पाय ठेवत नाही. सोबत कोरा नमुना चालवायचाच, ज्यात हाड नाही फक्त केमिकल्स आहेत, त्यात पण जंतू सापडला तर सगळं रद्द.

जुना डीएनए खरा जुना आहे हे कशावरून? तुकडे छोटे असतात, बहुतेक १०० बेसपेक्षा (बेस म्हणजे डीएनएची ए, टी, जी, सी ही अक्षरं) कमी, आणि तुकड्यांच्या टोकांना सी च्या जागी टी वाचला जाण्याचं प्रमाण वाढलेलं असतं. हा नुकसानीचा नमुना दिसला नाही तर तो डीएनए बहुधा तुमचा, माझा किंवा लॅबचा आहे. दुसरं, पूर्वी क्षयरोगासाठी आयएस ६११० नावाचा डीएनएचा एकच तुकडा पीसीआरने शोधायचे, पण मातीतल्या निरुपद्रवी नातेवाईक जिवाणूंमध्ये तसे तुकडे सापडू शकतात, म्हणून आता जीनोमवर बऱ्याच ठिकाणी पुरावा मागतात. आणि निगेटिव्ह आलं म्हणजे आजार नव्हता असं होत नाही, आपल्या हवामानात तर नाहीच.

डीएनए गेला तरी काही गोष्टी टिकतात. क्षयाच्या जिवाणूच्या भिंतीतली मायकोलिक ॲसिडं डीएनएपेक्षा टणक असतात. इनॅमलमधल्या ॲमेलोजेनिन प्रोटीनवरून लहान मुलांचं लिंग सांगता येतं, जे हाडावरून येत नाही. दातावरच्या जुन्या किटणात तोंडातले जिवाणू आणि अन्नाचे कण अडकून राहतात, म्हणून दात घासून "स्वच्छ" करणाऱ्याला टेबलापासून लांब ठेवा. जंतांसाठी ओटीपोटाच्या पोकळीतली, सेक्रमच्या, म्हणजे कण्याच्या खालच्या टोकाच्या त्रिकोणी हाडाच्या, पुढची माती घ्यायची, आणि तुलनेसाठी कवटीजवळची आणि पायाजवळची पण, तिन्हीकडे सारखीच अंडी निघाली तर ती पोटातली नाहीत.

आयसोटोप, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे कमी-जास्त वजनाचे प्रकार, आजार सांगत नाहीत, आहार सांगतात. बाजरी-ज्वारी खाणाऱ्याचा कार्बन गहू-तांदूळ खाणाऱ्यापेक्षा वेगळा येतो, आणि शरीर उपासमारीत स्वतःचंच मांस जाळायला लागलं की नायट्रोजन वर सरकतो. आधी कोलॅजन, म्हणजे हाडातलं मुख्य प्रोटीन, चांगलं आहे का ते बघा, कार्बन-नायट्रोजनचं प्रमाण २.९ ते ३.६ च्या बाहेर असेल तर तो आकडा वापरू नका. काळ ठरवायला कार्बन डेटिंग त्याच हाडावर करून घ्या, आपल्याला अहमदाबादची पीआरएल (फिजिकल रिसर्च लॅबोरेटरी) जवळ आहे.

एक केस सुरुवातीपासून शेवटपर्यंत

ही केस शिकवण्यासाठी मांडलेली आहे. समजा उत्तर गुजरातेतल्या साइटवरून मध्यमवयीन पुरुषाचा सांगाडा आलाय, पाठीचे बरेच मणके एकमेकांना जोडले गेलेत आणि हाडं हाताला जड लागतायत.

यादीत पहिला डिश, म्हणजे डिफ्यूज इडिओपॅथिक स्केलेटल हायपरऑस्टोसिस. यात मणक्यांच्या पुढून मेणबत्तीचं मेण ओघळल्यासारखं हाड येतं, पाठीत बहुतेक उजव्या बाजूला कारण डावीकडे महारोहिणीची, हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीची, धडधड असते, किमान चार मणके सलग, मधली जागा शाबूत, आणि कंबरेचा सेक्रोइलियॅक सांधा, जिथे सेक्रम ओटीपोटाच्या हाडाला मिळतं तो, मोकळा. दुसरा अँकायलोझिंग स्पॉन्डिलायटिस, कण्याच्या सांध्यांना सूज येण्याचा आजार, त्यात हा सांधाच आधी जोडला जातो आणि कणा खालून वर बांधला जातो. तिसरा फ्लोरोसिस, म्हणजे शरीरात फ्लोराइड जास्त गेल्याने होणारा आजार, आणि उत्तर गुजरातेत हा विसरून चालणारच नाही, मेहसाणा-बनासकांठ्याकडच्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे आणि आजही तिकडे लोकांचे दात पिवळे-तपकिरी पडतात, म्हाताऱ्यांचे सांधे आखडतात.

पहिलं काम सेक्रोइलियॅक सांधा बघणं. समजा मोकळा आहे, दुसरं नाव जवळजवळ गेलं. मणक्यांवरची वाढ फक्त उजवीकडे आहे का दोन्हीकडे? समजा दोन्हीकडे आहे, शिवाय स्नायू चिकटतात त्या जागांवर सगळीकडे हाडाचे काटे आलेत. आता पुढच्या हाताची दोन हाडं, रेडियस आणि अल्ना, यांच्या समोरासमोरच्या कडा बघा, त्यांच्यातल्या पडद्याचं हाड झालं असेल तर फ्लोरोसिसचं पारडं जड होतं, ही जागा बरेच जण बघतच नाहीत. एक्स-रेत हाड नेहमीपेक्षा पांढरं, दाट. दात बघा, फ्लोराइड लहानपणी, इनॅमल तयार होताना पोटात गेलं तरच दातावर डाग पडतात, म्हणजे माणूस मोठेपणी त्या गावात आला असेल तर दात चांगले आणि हाडं खराब असं चित्र दिसू शकतं. आणि डाग मातीचे असू शकतात, म्हणून इनॅमलच्या आतला थर मायक्रोस्कोपखाली बघायचा.

आता लॅब. नवीन माणूस म्हणेल, हाडातलं फ्लोराइड मोजू, जास्त आलं की झालं. इथेच सगळे फसतात. पुरलेलं हाड भूजलातून फ्लोराइड शोषत राहतं, शेकडो-हजारो वर्षं. हाच गुण वापरून केनेथ ओकली यांनी १९४९ पासून पिल्टडाउनच्या हाडांची, म्हणजे इंग्लंडमध्ये आदिमानवाची म्हणून खपवलेल्या हाडांची, फ्लोरिन टेस्ट केली, ते अवशेष फारसे जुने नाहीत हे त्यातून पुढे आलं आणि १९५३ साली बनवाबनवी जाहीर झाली. म्हणजे फ्लोराइडवाल्या जमिनीत पुरलेल्या प्रत्येक हाडात, निरोगी माणसाच्या सुद्धा, आकडा मोठाच येणार. म्हणून ती मूठभर माती लागते. त्याच थरातल्या निरोगी दिसणाऱ्या माणसांची हाडं, जनावरांची हाडं आणि माती, सगळ्यांचं फ्लोराइड मोजा. सगळीकडे सारखं आलं तर तुमच्या आकड्याला निदानात किंमत नाही, आणि तसं स्पष्ट लिहा. या केसमध्ये खरा आधार हाडाचा आकार, एक्स-रे आणि दाताचा छेद हाच राहतो, केमिस्ट्री फार तर विरोधात जात नाही एवढंच म्हणता येतं.

रिपोर्ट लिहिताना

२०१५ साली ॲपलबी, थॉमस आणि ब्वीकस्ट्रा यांनी सुचवलं की छळाच्या खुणा नोंदवण्यासाठी जो इस्तंबूल प्रोटोकॉल वापरतात त्यातलीच शब्दांची उतरंड प्राचीन आजारांसाठी वापरा. सगळ्यात खाली "विसंगत", मग "सुसंगत" म्हणजे हा आजार असू शकतो पण इतरही बरेच, मग "खूपच सुसंगत" म्हणजे इतर कारणं थोडी उरली, मग "ठराविक" म्हणजे सहसा याच आजारात दिसतं, आणि शेवटी "निदानात्मक" म्हणजे दुसरं काही असूच शकत नाही. मला ही पद्धत मनापासून पटते, कारण वाचणाऱ्याला तुमची खात्री किती ते एका शब्दात कळतं. वरच्या केसमध्ये मी फ्लोरोसिससाठी "खूपच सुसंगत" लिहीन, आणि डिश पूर्ण का खोडला नाही ते पण लिहीन. शेवटचा शब्द वापरायची वेळ फार क्वचित येते, आली तर दुसऱ्या अनुभवी माणसाला टेबलावर बसवून, त्याला तुमचं मत न सांगता, त्याची यादी करून घ्या.

रिपोर्टला काय काय जोडायचं: हाडांची यादी, नसलेल्या हाडांसकट, प्रत्येक खुणेचा स्केलसकट फोटो, नमुना कुठून किती मिलीग्रॅम घेतला, कुठल्या लॅबला कधी गेला, कोऱ्या नमुन्याचा निकाल, मातीचा निकाल. उरलेली पावडर लेबल लावून त्याच सांगाड्याच्या नंबरखाली परत द्या, स्वतःच्या ड्रॉवरमध्ये ठेवू नका. आणि निगेटिव्ह आलेले, फसलेले रिझल्ट सुद्धा त्याच फाइलला लावा, नाहीतर पाच वर्षांनी कुणीतरी तोच प्रश्न घेऊन येईल आणि त्याच माणसाचा दुसरा दात फोडेल.